दुपारी एकची साक्ष

परवा दुपारी फराळाची वाटणी ठरवायला बसले. हल्ली आमच्याकडे हेही ऑनलाइन असतं. भाचीने एक कागद कुठेतरी इंटरनेटवर ठेवलाय, त्याची लिंक सगळ्या बायकांना पाठवलीय, आणि चकल्या कुणी करायच्या, चिवडा कुणी करायचा, हे जिने तिने आपापल्या घरात बसून त्यात लिहायचं. मी माझ्या नावापुढे 'शंकरपाळे' लिहिलं आणि वर कोपऱ्यात पाहते तर एक उंट. चिमुकला, जांभळा. त्यावर बोट नेलं तर लिहून आलं की कुणी अनामिक उंट हा कागद पाहतोय. आमच्या बायका सगळ्या आपापल्या नावाने आत होत्या. मग हा कोण? शंकरपाळे राहिले बाजूला, मी त्या उंटाकडे टक लावून बसले. तो काही लिहीना, काही खोडेना, नुसता पाहत होता.

मी संशयी आहे. हे मी कधी लपवलं नाही. कुलूप लावून जिना उतरते, परत वर चढते आणि कुलूप ओढून पाहते. शिंप्याने परत केलेलं उरलेलं कापड, भाजीवालीचा तराजू, डॉक्टरांचं 'काही नाही, साधा ताप आहे', या सगळ्यांकडे मी तिरक्या नजरेनेच पाहते. आमचे हे म्हणायचे, 'सप्तपदी चालताना हिने माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं, तोच आहे ना म्हणून.' सगळे हसायचे. मीही हसायचे, पण पाहिलं होतं हे खरंच आहे.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. पाऊस गेला की पनवेलला जो उकाडा सुरू होतो त्याला ऊन म्हणणंही सौम्य आहे. हवा हलत नाही. उरणच्या वाटेवर भात पिवळं पडलेलं असतं, त्याच्या शेजारून कंटेनरचे ट्रेलर धूळ उडवत जातात आणि ती धूळ दुपारभर तिथेच तरंगत राहते. खाडीकडून वारा आला तर वाळत घातलेल्या मासळीचा वास येतो, तोही आला तसा जात नाही. अंगाला कपडे चिकटतात, माणसं एकमेकांवर चिडतात. त्यात घराघरांतून बेसन भाजल्याचा वास. हे सगळं आणि वर तो उंट, मग मला मी नोकरीला होते त्या भाऊंच्या ऑफिसमधला तो ऑक्टोबर आठवला नसता तरच नवल.

त्या वर्षी रमजान आणि दिवाळी लागूनच आले होते. रमजान दरवर्षी थोडा थोडा अलीकडे सरकतो, दिवाळी मात्र शरदातली आपली जागा सोडत नाही. त्यामुळे दोघांची गाठ एका वेळी दोन-तीन वर्षं पडते आणि मग पुढे कित्येक वर्षं पडत नाही. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून एका बाजूला मोहल्ल्याची गल्ली दिसायची आणि दुसऱ्या बाजूला बाजार. संध्याकाळी एका खिडकीतून भज्यांचा आणि कापलेल्या पपयांचा वास यायचा, दुसरीतून उटण्याचा आणि नव्या कपड्यांच्या कोऱ्या करकरीत गठ्ठ्यांचा. कंदील दोन्हीकडे लागलेले. असं वाटायचं की सगळं गाव एकाच लग्नाच्या तयारीला लागलंय.

भाऊंचं ऑफिस क्लिअरिंगचं. म्हणजे व्यापाऱ्यांचा माल कंटेनरमध्ये भरून बंदरावरून बोटीवर चढेपर्यंत जी कागदपत्रं लागतात ती सगळी तयार करायची आणि वेळेत पोचवायची. मी तिथे कागदपत्रं बनवायचे. नफिसाही तेच करायची, माझ्या समोरच्या टेबलावर. ती मोहल्ल्यातली, पंचविशीतली, कोकणी मुसलमान. वडील कुवेतहून गुडघे आणि डोळे दोन्ही गमावून परत आलेले, धाकटी बहीण कॉलेजात. घर तिच्यावर चालायचं. टायपिंग करताना ओठ मुडपायची आणि चूक सापडली की 'या अल्ला, हे काय केलं मी' असं स्वतःलाच म्हणायची. तिसरे दामू कोळी, उरणजवळच्या मोरा गावचे. रोज सकाळी तिकडून यायचे, आमचे कागद उचलून पुन्हा बंदरावर जायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. शर्टाला कायम खाऱ्या हवेचा वास आणि आवाज समुद्रावर हाक मारायच्या पट्टीतला.

भाऊंनी हा धंदा कार्बन पेपरच्या काळात सुरू केलेला. तेव्हा प्रत्येक कागदाच्या पाच प्रती निघायच्या, पाच रंगांच्या. पांढरी कस्टम्सला, गुलाबी बोटीच्या कंपनीला, अशी प्रत्येकाची ठरलेली. पिवळी प्रत भाऊंची. ते दिवसभर पिवळ्या प्रती टेबलावर साठवायचे, दिवेलागणीला एकेक वाचायचे, आणि वाचून झाली की फाडून टोपलीत टाकायचे. मग टेबल फडक्याने पुसायचे, गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायचे आणि मगच घरी जायचे. 'रात्री लक्ष्मीने मोकळं टेबल बघायला हवं,' असं म्हणायचे. लक्ष्मी रात्री आमच्या ऑफिसात काय करायला येणार होती ते मी कधी विचारलं नाही.

मग कॉम्प्युटर आले. प्रत्येकाच्या टेबलावर एक, आणि आतल्या खोलीत सर्व्हर. हा सर्व्हर भाऊंना एका बोटीच्या कंपनीने आपलं मुंबईचं ऑफिस हलवताना स्वस्तात देऊन टाकलेला. करडा, लोखंडी, उचलायला दोन माणसं लागतील असा. त्याच्यात युनिक्स होतं आणि आमच्या टेबलांवर विंडोज. दोघांची भाषा वेगळी, एकमेकांचं काही कळायचं नाही. ते जुळवून द्यायला खारघरहून केतन यायचा, तिशीचा, चष्मेवाला, बोलताना माणसाकडे न पाहता स्क्रीनकडे पाहणारा. त्याने सर्व्हरवर सांबा नावाचं काहीतरी बसवलं. सांबा मधे उभा राहून युनिक्सचं विंडोजला सांगतो आणि विंडोजचं युनिक्सला, असं त्याने आम्हाला समजावलं. भाऊ नाव ऐकूनच खूश. म्हणाले, 'सांब सदाशिव! मग चांगलंच आहे.' आणि सर्व्हरलाही एक उदबत्ती सुरू झाली.

सांबा आल्यावर आमच्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक नवीन कप्पा दिसायला लागला, त्याचं नाव एस. मी माझ्या टेबलावर एसमध्ये फाइल ठेवली की नफिसाला तिच्या टेबलावर दिसायची, भाऊंना त्यांच्या केबिनमध्ये दिसायची. प्रती काढायला नकोत, फ्लॉपी घेऊन फिरायला नको. केतन म्हणाला, प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देतो, म्हणजे कुणी काय केलं ते कळेल. भाऊंनी उडवून लावलं. 'एका घरात माणशी वेगळी किल्ली कशाला? आपण काय चोर आहोत?' मग सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. मला हे तेव्हाच आवडलं नव्हतं. पण माझं न आवडणं इतकं नेहमीचं होतं की त्याकडे कुणी लक्ष देत नसे.

दोन-अडीच वर्षं सगळं बरं चाललं. अर्थात तोवर भाऊ कॉम्प्युटरला हात लावत नसत, आम्ही त्यांना कागद छापून द्यायचो. त्या गणपतीत त्यांच्या मुलाने त्यांना माउस धरायला शिकवला. भाऊंना फार कौतुक. छापणं बंद, आता मी स्क्रीनवरच वाचणार, असं त्यांनी जाहीर केलं.

आणि ऑक्टोबर लागला तशा फाइली गायब व्हायला लागल्या.

पहिल्यांदा मी नफिसालाच म्हटलं, कुठेतरी भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली असशील. मग माझी गेली. मग पुन्हा तिची. आदल्या दिवशी केलेली, सकाळी नाही. ज्यांचे कागद छापून बंदरावर गेलेले, त्या फाइली तर कुणी पुन्हा पाहतही नसे. रिसायकल बिनमध्ये पाहावं तर तिथेही नाही. केतन फोनवर म्हणाला, नेटवर्कवरची फाइल पुसली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणजे पुसली तर होती. आपोआप पुसली जात नाही, असंही त्याने सांगितलं. कुणीतरी पुसावी लागते.

हे 'कुणीतरी' एकदा ऑफिसात शिरलं की काय होतं ते मी पाहिलं. दामू उन्हातून धापा टाकत आले की कागद तयार नाहीत. कंटेनर गेटवर अडकलाय, बोट सुटायला आलीय, व्यापारी फोनवर ओरडतोय. आम्ही पुन्हा पहिल्यापासून टायपिंग करायचं. भाऊ केबिनमधून बाहेर यायचे, कपाळावर घाम, हातात फडकं. 'फाइल नाही म्हणजे काय? अहो, काल दिवेलागणीला मी स्वतः वाचली!' दर वेळी हेच वाक्य. आणि मग ते आमच्या तोंडांकडे पाहायचे. एकेकाच्या.

आम्हीही एकमेकांकडे पाहायला लागलो. मी उठले की स्क्रीन बंद करायला लागले. नफिसा पाणी प्यायला गेली तरी मागे वळून बघायची. दामूंना वाटायचं आम्ही दोघी आळशीपणा करून फाइली बनवतच नाही आणि गेल्याचा कांगावा करतो. तसं त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं. 'बनवलीच नसल तं जाल कुठं?' मला त्यांचा संशय यायचा, की बाजारातल्या दुसऱ्या एजंटाने त्यांना फितवलं असेल. केतनचाही यायचा, काम मिळावं म्हणून हाच बिघडवतो की काय. वर भारनियमन. दुपारी पंखे बंद पडायचे, सर्व्हरच्या बॅटरीचा पीं पीं आवाज सुरू व्हायचा आणि आम्ही सगळे घामाघूम, एकमेकांवर नजर ठेवून बसलेले. मला सवय होती. बाकीच्यांना नव्हती, आणि त्यांच्या अंगी ती चांगली दिसत नव्हती.

शेवटी भाऊंनी केतनला बोलावलं आणि सांगितलं, काय वाटेल ते कर पण चोर पकड. केतनने सर्व्हरला नोंद ठेवायला लावली. कोणती फाइल कधी पुसली गेली, तेवढं तो लिहून ठेवणार. कुणी पुसली ते कळणार नव्हतं, कारण सगळ्यांचं नाव एकच. फक्त वेळ कळणार होती.

आठवड्याने केतन आला. आतल्या खोलीत सर्व्हरपाशी बसून त्याने पुसल्याच्या तेवढ्या ओळी काढल्या आणि भाऊंना बोलावलं. मी दारातच होते. केतन स्क्रीनकडे पाहत म्हणाला, 'सगळ्या एकच्या पुढे. एक ते दीडच्या मधे. रोज हीच वेळ.'

एक ते दीड ही आमची जेवणाची सुट्टी. भाऊंसकट आम्ही सगळे त्या आतल्या खोलीतच डबे उघडून बसायचो, सर्व्हरच्या घरघरीशेजारी. बाहेरच्या खोलीत, जिथे सगळे कॉम्प्युटर होते तिथे, त्या महिन्यात एकच माणूस असायचं. नफिसाचे रोजे होते.

दामूंनी बंदरावरून आल्यावर ऐकलं आणि तंबाखू मळायची थांबवली. 'ती एकलीच असते ना तवा. मंग दुसरा कोन?' थोड्या वेळाने म्हणाले, 'त्या लोकांचा काय सांगता येत नाय, बाय.' मी म्हटलं, 'दामूभाऊ, तिच्या आईच्या हातची सांदणं मागच्या ईदला मागून मागून खाल्लीत तुम्ही. तेव्हा त्या लोकांचं सगळं सांगता येत होतं?' त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. पण त्यांना पटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे खात्री होती? दुसऱ्या दिवशी जेवता जेवता मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. नफिसा टेबलावर डोकं ठेवून बसली होती. एका हाताने रिकाम्या फाइलने स्वतःला वारा घालत होती, तोही मधेच थांबत होता. तिचा स्क्रीन काळा होता.

भाऊंनी ठरवलं की पोलीस वगैरे नको, बोभाटा नको. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, सुट्टी लागताना, तिला सांगायचं की दिवाळीनंतर येऊ नकोस. कारण द्यायचं नाही. मला वाटलं, कारण न देणं हेच सगळ्यात वाईट. पनवेल ते केवढं. क्लिअरिंगची ऑफिसं बोटांवर मोजण्याएवढी, आणि भाऊंनी काढलं म्हटल्यावर दुसरा कुणी तिला दारात उभी करणार नव्हता. लोक कारण आपल्या पदरचं घालतात. त्या आंधळ्या बापाला कुणीतरी मशिदीच्या पायरीवर ते ऐकवणार, आणि धाकटीच्या लग्नाच्या वेळी पुन्हा कुणीतरी ते उकरून काढणार.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी तिची निघायची वेळ झाली. रोजा सोडायला घरी पोचता यावं म्हणून रमजानात भाऊ तिला साडेपाचला सोडायचे, ही त्यांची जुनी सवलत. पर्स खांद्याला लावून ती माझ्यापाशी घुटमळली.

'मंगलताई, हल्ली सगळे माझ्याशी फार गोड बोलतात.'

'मग चांगलंच आहे की.'

'नाही,' ती म्हणाली. 'भाऊ कालपासून मला नफिसाबेटा म्हणतायत. अब्बांना कुवेतहून परत पाठवलं ना, तेव्हा त्यांचा साहेबसुद्धा आठवडाभर असाच गोड बोलत होता.'

ती जिना उतरून गेली. मी तिथेच बसून राहिले.

माझ्या संशयाची एक गंमत आहे. तो एकावर थांबत नाही. सगळं ऑफिस नफिसापाशी येऊन थांबलं होतं आणि हायसं वाटून पुन्हा कामाला लागलं होतं. मला थांबता येईना. रात्री भाकऱ्या थापताना, सकाळी वेणी घालताना डोक्यात तेच. आणि वेणी घालतानाच भाऊंचं ते वाक्य आठवलं. काल दिवेलागणीला मी स्वतः वाचली. अहो, काल दिवेलागणीला वाचली आणि आज सकाळी नाही, तर ती फाइल दुपारी एकला पुसली कशी जाईल? दुपारी पुसलेली फाइल संध्याकाळी वाचता येत नाही. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं सांगत होता, एक तर भाऊ नाही तर तो लोखंडी डबा. बाकी सगळे धरून चालले होते की म्हाताऱ्याची आठवण चुकत असेल, मशीन कसं चुकेल. मला दोघेही सारखेच संशयास्पद होते.

त्या दिवशी केतन बॅटरी बदलायला आला होता. धनत्रयोदशीची सुट्टी दुसऱ्या दिवसापासून. जेवायची वेळ झाली, आम्ही डबे उघडले, भाऊ हात धुवून आले. बाहेर नफिसा एकटी. मी केतनला म्हटलं, 'अरे, त्या सर्व्हरला जरा विचार ना, आत्ता किती वाजले?'

'काय?'

'वेळ विचार त्याला. एवढी साक्ष देतोय, तर घड्याळ तरी कळतं का बघू.'

केतन हसला आणि स्क्रीनकडे तोंड करून त्याने काहीतरी टाइप केलं. मग त्याचं हसू गेलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे वळून पाहायला लागला.

'बोल की,' मी म्हटलं.

'साडेसात,' तो म्हणाला. 'सकाळचे.'

भिंतीवर एक वाजला होता. दामूंच्या हातातला घास हातातच. केतनने चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे पाहून बोलला. बोटीच्या कंपन्या सगळं काम ग्रिनिचच्या वेळेवर करतात. त्यांनी सर्व्हर दिला तो तसाच, साडेपाच तास मागे. आमच्या टेबलांवर वेळ बरोबर दिसायची, कारण विंडोज आपणहून ती बदलून दाखवतं. सर्व्हर आपल्या नोंदीत मात्र आपलीच वेळ लिहितो. इतकी वर्षं पनवेलला राहून तो बिचारा विलायतेच्या घड्याळावर जगत होता आणि कुणी त्याला विचारलं नव्हतं.

'मंग एक म्हंजे किती?' दामूंनी विचारलं.

'साडेसहा,' केतन म्हणाला. 'संध्याकाळचे. साडेसहा ते सात.'

साडेसहाला नफिसा घरी असायची, खजूर खाऊन रोजा सोडलेली. ऑफिसातून केव्हाच गेलेली असायची. पण आता 'दुसरा कोन' हा प्रश्न परत आमच्या मधोमध येऊन बसला होता, आणि भाऊ सगळ्यात आधी म्हणाले, 'आज संध्याकाळी मीच बघतो कोण ते. कुणी हलायचं नाही.'

नफिसा साडेपाचला गेली. भाऊंनी नुसती मान डोलावली. साडेसहाला खिडकीत दोन्हीकडचे कंदील लागले. मी, दामू आणि केतन बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर बंद करून हात मांडीवर ठेवून बसलो होतो. भाऊ केबिनमध्ये, दार उघडं. त्यांनी टेबल फडक्याने पुसलं. उदबत्ती लावली, तसबिरीला ओवाळली, आत जाऊन सर्व्हरला ओवाळली. परत येऊन खुर्चीत बसले आणि चष्मा नाकावर ओढून दिवसाचे कागद स्क्रीनवर वाचायला लागले, एकेक. मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. परक्याच्या घरात वावरावं तसं जपून त्यांचं बोट माउसवर फिरत होतं. एक फाइल वाचून झाली. त्यांनी ती बंद केली. मग तिच्यावर बाण नेला, कीबोर्डवर एक बटण दाबलं, स्क्रीनने विचारलं त्याला 'हो' म्हटलं, आणि दुसरी उघडली.

'भाऊ,' मी म्हटलं, 'हे काय केलंत?'

'काय?'

'आत्ता. ती फाइल.'

'वाचून झाली ती,' भाऊ म्हणाले. 'माझी प्रत टाकून दिली.'

केतन दारात येऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, 'भाऊ, तुमची वेगळी प्रत नसते. एकच असते. ती सगळ्यांना दिसते.'

'असं कसं? यांच्या टेबलावर यांची, माझ्या टेबलावर माझी.' भाऊ माझ्याकडे वळले. 'तुझ्याकडे तुझी आहे ना अजून?'

मी जाऊन माझा कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा. सगळे उभे होते. एस उघडलं. फाइल नव्हती.

भाऊ खुर्चीत तसेच बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्यांनी टेबल पुसायचं फडकं पुन्हा हातात घेतलं होतं आणि ते त्याची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. पाच रंगांच्या प्रतींमध्ये ज्याचं आयुष्य गेलं त्याला वाटलं होतं की सांबा प्रत्येकाला एकेक प्रत वाटतो. 'मी त्या पोरीला आज...' एवढं म्हणून ते थांबले. दुपारचं जेवण झालं की तिला येऊ नकोस म्हणून सांगायचं ठरलं होतं. सगळ्यांना ते आठवत होतं.

दिवाळी झाली. पाठोपाठ ईद आली. नफिसा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, भाऊंनी तिला दोन्ही हातांनी फराळ दिला आणि पगारही वाढवला. कारण त्यांनी दिलं नाही. शेवटी दामूंनीच सगळं सांगून टाकलं, त्यांच्या पोटात काही राहत नाही. डोळे पुसत म्हणाले, 'आमी नालायक, पोरी. आमी तुझ्यावर संशय घेतला.' मी नफिसाच्या तोंडाकडे पाहत होते. ती म्हणाली, 'जाऊ द्या, दामूकाका. कळलं ना आता.' आणि त्यांना वाटी भरून दिली. केतनने सर्व्हरचं घड्याळ लावलं, प्रत्येकाला वेगळं नाव दिलं, आणि भाऊंसाठी पुन्हा पिवळ्या कागदावर छपाई सुरू झाली. सगळं सुरळीत झालं असं आम्ही समजलो.

परवाचा तो उंट कोण होता ते मला कळलं. भाचीला फोन लावला तेव्हा ती हसून हसून थकली. मीच होते तो. लिंक मी आधी मोबाइलवर उघडली होती, तिथे माझं नाव नोंदवलेलं नव्हतं, बिननावाच्या माणसाला तो कागद एखादा प्राणी करून दाखवतो, आणि मोबाइल तसाच पलंगावर पडला होता. अर्धा तास मी माझ्यावरच नजर ठेवून बसले होते. भाची म्हणाली, 'मावशी, तू पण ना.' मी हसले. पण मोबाइल बंद केल्यावर उंट खरंच गेला का, ते पाहिलं.

फाइलींच्या त्या प्रकरणानंतर, पुढच्या वर्षी रमजान जरा अलीकडे आला. पावसाची एखादी सर अजून येत होती, उकाडा तोच. पहिल्या रोज्याच्या दिवशी एक वाजला, आम्ही डबे घेऊन आतल्या खोलीत गेलो. दामूंच्या डब्यात सुक्या बोंबलांचं कालवण होतं, त्याचा वास खोलीभर पसरला. आणि मागोमाग नफिसा आली.

'अगं, तुझा रोजा ना?' मी विचारलं.

'हो ताई.'

'मग इथे कशाला बसतेस? बाहेर पंख्याखाली बस. इथे नुसता वास.'

'असू दे,' असं म्हणून ती भिंतीला टेकून खाली बसली, सर्व्हरच्या शेजारी.

भाऊंनी पोळीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात राहिला. 'नफिसा, बाळा, जा. बाहेर बस निवांत. आता तसं काही नाही.'

'माहितेय भाऊ,' ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. 'मी इथेच बसते.'

महिनाभर ती रोज आली. एक वाजला की बाहेरच्या खोलीतले सगळे दिवे बंद करायची, दार ओढून कुलूप लावायची आणि किल्ली आणून भाऊंच्या डब्याशेजारी ठेवायची. मग खाली मान घालून आमचं जेवण संपायची वाट पाहत बसायची.